विचारून जायची वाट

कापूस फुटला की मला भांडावंसं वाटतं. या दिवसांत लोकांना काय काय होतं. कोणाला माहेर आठवतं, कोणी पांढऱ्या वावरात उभं राहून फोटो काढून घेतं. मला मात्र सकाळच्या गारव्यात पऱ्हाटीचा, कापसाच्या झाडांचा, तो कडसर हिरवा वास आला की सहा वर्षांपूर्वीचा एक कागद आठवतो आणि कानशिलं तापतात. तो कागद मी लिहिला होता. सुवाच्य अक्षरात, समास सोडून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन. माझ्या हातून इतकं नीटनेटकं काम दुसरं झालं नसेल, आणि इतकं वाईटही.

आज सकाळी समुद्रपूरच्या एसटीत खिडकीशी बसले होते. पिशवीत कोरे तक्ते, रंगीत पेनं, आणि एका प्लास्टिकच्या पाकिटात तोच कागद, चार तुकडे चिकटपट्टीनं जोडलेला. कंडक्टर ओळखीचा. तिकीट फाडता फाडता त्यानं विचारलं, आज कोणाचं भांडण मिटवायला निघाल्या मॅडम? मी म्हटलं, आज मिटवायला नाही, शिकवायला. तो हसला. काय शिकवायला, ते त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बोंडं उकलली होती आणि बाया पोटाशी ओट्या बांधून वाकल्या होत्या.

त्या वर्षीही असंच होतं. दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. तालुक्याच्या गावी एका संस्थेनं जिल्ह्यासाठी पाच दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं: गावातले तंटे गावातच मिटावेत म्हणून मध्यस्थ तयार करायचे. प्रत्येक गावानं एक माणूस द्यायचा, शक्यतो बाई. पंचायतीत माझं नाव निघालं. मी अंगणवाडी सेविका. सरपंच म्हणाले, बाईंचंच नाव टाका, त्यांचा आवाज आजवर कोणी ऐकला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. ती मला माझी स्तुती वाटली होती. घरी जाऊन मी खुशीत साखर घालून दही खाल्लं होतं, हे आठवलं की आज माझा मलाच राग येतो. गाव मध्यस्थ म्हणून कोणाला निवडतं ते बघा एकदा. ज्याचा जन्म नमतं घेण्यात गेला, त्यालाच दुसऱ्यांना नमतं घ्यायला शिकवायला पाठवतात.

जायचं तर विचारावं लागणार होतं. सासूबाईंना विचारलं, आमच्या घरच्यांना, म्हणजे नवऱ्याला, विचारलं, आणि आमच्या घरच्यांनी मोठ्या घरी जाऊन दादारावांना विचारलं. दादाराव म्हणजे माझे चुलत भासरे, नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ, घराण्यात वयानं सगळ्यात मोठे. आमच्याकडे भासऱ्यापुढं सून बोलत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, नजर खाली ठेवायची, आणि काही सांगायचंच असलं तर दाराच्या चौकटीला सांगावं तसं सांगायचं. जवळ कोणी असलं तर ते पुढं पोचवतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि या माणसाला हाक काय मारायची हेच मला माहीत नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. त्यांनी हो म्हटलं आणि मी गेले. विचारण्यात काही चुकतं असं मला मुळीच वाटलं नव्हतं. मी माहेरी विचारून गेले, नोकरीला विचारून लागले, चष्मासुद्धा विचारून केला.

प्रशिक्षण एका मंगल कार्यालयात होतं. लग्नसराईला अवकाश होता, म्हणून हॉल स्वस्तात मिळालेला. मागच्या कुठल्याशा लग्नाचा वास अजून भिंतींना होता, सुकलेला झेंडू आणि मसालेभात. स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन मखमली खुर्च्या तशाच ठेवलेल्या. सराव करताना भांडणाऱ्या दोघांना त्याच खुर्च्यांवर बसवायचे आणि मध्ये आमच्यासारखं कोणी प्लास्टिकच्या खुर्चीवर. दुपारी पंखे बंद केले की बाहेरच्या जिनिंग मिलकडून कापसाचे तंतू उडत यायचे आणि चहाच्या कपात पडायचे. आम्ही बोटानं काढून चहा प्यायचो.

शिकवायला पुण्याहून अनघाताई आल्या होत्या. सुती कुर्ता, बारीक आवाज, आणि कोणी बोलत असलं की पापणी न लववता ऐकायची सवय. मला त्या फार आवडल्या. त्यांनी शिकवलं की समोरच्यानं जे म्हटलं ते आधी आपल्या शब्दांत त्याला परत सांगा, म्हणजे आपलं ऐकलं गेलं असं त्याला वाटतं. दोघांना सारखा वेळ द्या. एखादी वस्तू ठेवा, ज्याच्या हातात ती असेल त्यानंच बोलायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मध्यस्थानं कोणाची बाजू घ्यायची नाही, कोण खरं कोण खोटं हे ठरवायचं नाही. तराजूच्या काट्यासारखं मध्ये राहायचं. हे मी वहीत लाल पेनानं चौकट करून लिहिलं. चौकट अजून वहीत आहे, बाजूला मी नंतर काय लिहिलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

गंमतही व्हायची. दुसऱ्या दिवशी तळेगावकडचे एक गृहस्थ आणि सेवाग्रामजवळच्या एक ताई यांना धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, खोटं भांडण करायला दिलं. दोघांची आयुष्यात पहिल्यांदा भेट, धुरा खोटा, वावर खोटं, आणि तासाभरात ती दोघं अशी पेटली की जेवायला पाठीला पाठ लावून बसली. गृहस्थ म्हणत होते की ती बाई माझ्या बापापर्यंत गेली. त्यांचं मिटवता मिटवता दुपारचं सत्र संपलं. अनघाताईंना हसू आवरेना. आम्हाला मात्र काहीच नवल वाटलं नाही, कारण धुऱ्याचं भांडण खोटं असू शकतं हेच आम्हाला कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी घरचा अभ्यास मिळाला. आपापल्या गावात जायचं, एक खरं भांडण मिटवायचं, दोन्ही बाजूंच्या सहीचा कागद घेऊन दहा दिवसांनी परत यायचं. मी पंचफुलाबाईचं भांडण घेतलं.

पंचफुलाबाई चाळिशीची, हातापायानं काटक. नवरा हिंगणघाटला गिरणीत, शेती ती एकटी बघायची. तिचं अडीच एकर वावर दादारावांच्या वावराच्या पलीकडं. जायला एकच वाट, दादारावांच्या धुऱ्यावरून, एक बैलबंडी जाईल एवढी. तिच्या सासऱ्याच्या आधीपासूनची, चाकोऱ्या पडलेली. त्या वर्षी रानडुकरांनी उच्छाद मांडला म्हणून दादारावांनी चहूबाजूंनी तार ओढली, तारेत वीज सोडणारं झटका मशीन लावलं, आणि तार वाटेवरूनही गेली. फाटक केलं, त्याला कुलूप. तिची पऱ्हाटी पांढरीफट्ट झालेली आणि कापूस आणायचा तर नाल्यातून, गुडघाभर पाण्यातून, डोक्यावर गाठोडं घेऊन. आभाळही येऊन-जाऊन होतं. फुटलेल्या कापसावर पाऊस पडला तर तो कवडी होतो, हे आमच्याकडं लेकरालाही कळतं.

ती बौद्ध, आम्ही कुणबी. हे गावात कोणी बोलून दाखवत नाही. पण कोण कोणाला हाक मारतं आणि कोण रस्त्यात थांबून बाजूला होतं, यावरून ते रोज दिसतं. ज्याला बघायचं असेल त्याला दिसतं, असं मी आता म्हणते. मला तेव्हा दिसत नव्हतं.

बैठक अंगणवाडीत घेतली. भिंतीवर फळांची चित्रं, बसायला मुलांची चटई, मोठी खुर्ची एकच. ती दादारावांना दिली, आणि सारखेपणाचा पहिला धडा तिथंच संपला. बोलण्याची वस्तू म्हणून काहीतरी हवं होतं. दादारावांनी खिशातून चुन्याची डबी काढून टेबलावर ठेवली, म्हणाले, घ्या, ही घ्या. म्हणजे पंचफुलाबाई जे काही बोलली ते त्यांची डबी हातात धरून बोलली, आणि बोलून झालं की ती त्यांना परत देत होती. मी पदर डोक्यावर घेऊन बसले होते. अनघाताईंनी सांगितलं होतं, ऐकलेलं परत सांगा. पंचफुलाबाईचं मी तिच्याकडं बघून परत सांगितलं. भासऱ्यांचं मी भिंतीवरच्या पपईला सांगितलं.

दादाराव वाईट बोलले नाहीत. उलट मऊच बोलले. "मी कधी नाई म्हटलं काय तिले? एका शब्दानं विचारलं असतं त मीच कुलूप काढून देल्लं असतं. मानसानं मानसाले विचारून जावं, एवढंच माहं म्हननं हाये."

हे ऐकून मला इतकं हायसं वाटलं. कुलूप निघत होतं, वाट मिळत होती, अट काय तर विचारण्याची. मी लगेच लिहायला घेतलं: पंचफुलाबाईंनी दादारावांना विचारून त्यांच्या धुऱ्यावरून बंडी न्यावी, व दादारावांनी नाही म्हणू नये. ते शेवटचं 'नाही म्हणू नये' सुचल्यावर तर मला स्वतःचा अभिमान वाटला. त्यांना काय हवं ते त्यांना, तिला काय हवं ते तिला. मी पंचफुलाबाईला विचारलं, मान्य आहे ना? ती कागदाकडं बघत राहिली. डबी तेव्हा तिच्या हातात नव्हती. मग तिनं सही केली. दादारावांनी केली. मी मोबाइल लांब धरून फोटो काढला, तिघांचा, मागं पपई.

तो फोटो आजही माझ्याकडं आहे. मी तो वर्गात दाखवते. बघा, म्हणते, यात कोण हसतंय. दादाराव हसतायत, मी हसतेय. हे कळायला लोकांना वेळ लागत नाही, मला चार दिवस लागले.

चौथ्या दिवशी सकाळी आभाळ गच्च भरलं होतं. मी पलीकडच्या वस्तीवरच्या एका बाळंतिणीला बघायला निघाले होते. नाल्याशी आले तर पाण्यात पंचफुलाबाई. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, डोक्यावर कापसाचं गाठोडं, एका हातानं ते धरलेलं आणि दुसऱ्या हातानं तोल सावरणं चाललेलं. पाय शेवाळावर जपून ठेवत होती. मी काठावरून म्हटलं, अहो, आता तर वाट मोकळी झाली, मग इकडून कशाला?

ती काठावर आली. गाठोडं उतरवायला मी हात लावला. तिनं तोंडावरचं पाणी पुसलं आणि मला सांगितलं. आवाज चढवला नाही. "माहा सासरा त्या धुऱ्यावर जाऊन उभा राहे. चप्पल हातात घेऊन. पाटील, जाऊ काय, म्हणे. पाटील जेवत असन त त्याचं जेवन होईपावतर उभा राहे. मी लगन होऊन आली तवा पाह्यलं हे. तवाच ठरवलं का मी नाई विचारनार. इतके वर्सं नाई विचारलं, बाई. तशीच जात होती. म्हून त तार लागली."

तिनं गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. "डुकरं त त्याईले मागच्या वर्सीबी होते," ती म्हणाली. "अन् आता तुमी लिहून देल्लं. पयले निदान लिहेल त नव्हतं."

मग सही काऊन केली, असं माझ्या तोंडून निघालं. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मला पाय कुठं ठेवू कळेना. "तुमी 'मान्य आहे ना' म्हटलं. पटलं काय, असं कुठं विचारलं?"

गाठोडं डोक्यावर चढवून ती निघून गेली. मी बाळंतिणीकडं गेले, बाळाचं वजन केलं, वहीत लिहिलं. काय लिहिलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की परत येताना मी पायरी पायरीनं सगळं मागं नेलं. तिनं वर्षानुवर्षं न बोलता एक गोष्ट मिळवली होती. कोणाला न विचारता जाणं. ते तिनं एकटीनं, रोज, दादारावांच्या डोळ्यांदेखत केलं होतं. आणि मी, शिकलेली, वहीत लाल चौकट करणारी, दोन ओळींत ते तिच्याकडून काढून घेतलं. तेही तिच्या सहीनं. 'विचारून जावं' हे शब्द माझ्या कानाला बोचले का नाहीत? कारण मी स्वतः जन्मभर तेच केलं होतं. विचारायचं ओझं मला जाणवतच नव्हतं, इतकी त्याची सवय झाली होती.

राग आला. तो दादारावांचा आला, अनघाताईंचा आला, पण त्यातला मोठा वाटा माझाच होता. 'समजदारीनं घ्या' हे वाक्य मी अंगणवाडीत आयांना किती वेळा म्हटलं असेल. आणि ते दर वेळी त्याच बायांना म्हटलं. ज्यांच्या घरातला माणूस समजदारीनं घेत नाही, त्यांना. माणसाला कधी म्हटलं नाही. तो तर माझ्यापुढं बसलेलाच नसायचा.

दहा दिवसांनी पुन्हा मंगल कार्यालयात जमलो. माझा कागद मी सह्या झाल्या त्याच दिवशी पाठवून दिला होता. गेले तर तो फळ्यावर मध्यभागी लावलेला, भोवती रंगीत कागदाची किनार. अनघाताईंनी सगळ्यांना सांगितलं की समेट कसा लिहावा याचा हा नमुना आहे. टाळ्या झाल्या. तळेगावकडच्या त्या गृहस्थांनी तर उभं राहून वाजवल्या. मी उठले, फळ्यापाशी गेले, टाचण्या एकेक काढल्या आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी न विचारता एवढ्या लोकांसमोर काहीतरी केलं होतं.

मी नाल्यातली गोष्ट सांगितली. अनघाताईंनी पापणी न लववता ऐकली. मग शांतपणे म्हणाल्या, दोघांनी सही केली आहे, विचारलं की कुलूप निघणार आहे, आणि कोण खरं हे ठरवणं आपलं काम नाही. मी म्हटलं, ताई, तुमचा तराजू चांगला आहे, पण तो तुम्ही उतारावर ठेवायला सांगता. उतारावर काटा मध्ये धरला तर माल एकाच बाजूला घरंगळतो. आमच्या गावात सपाट जागा कुठं आहे ती आधी दाखवा, मग मी मध्ये बसते. बोलता बोलता माझा आवाज चढला. मागून कोणीतरी म्हणालं, बसा हो बाई. मी बसले नाही.

पुष्कळ शिकवणारे अशा वेळी हसून पुढचा विषय काढतात. अनघाताईंनी तसं केलं नाही, यासाठी मी त्यांना आजही मानते. त्यांनी एवढंच विचारलं, मग आता काय करणार? मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, आधी चुकलं ते चुकलं म्हणून सांगणार.

सांगायचं म्हणजे दादारावांना सांगायचं. आमच्या घरच्यांना मी तसं म्हटलं तेव्हा ते जेवत होते. ताटावरून उठले नाहीत, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की आपल्याच घरात आग लावशील, आणि तीही दुसऱ्यांच्या वाटेसाठी. मला ते शब्द लागले, कारण त्यांत खरं होतं. मोठ्या घराशी आमचं बियाणं, बैल, लग्नकार्य, सगळं बांधलेलं. पंचफुलाबाईशी माझं काय होतं? एक कागद होता.

दादारावांची पेरणी त्या वर्षी मागं पडली होती, म्हणून त्यांच्या वावरातला पहिला वेचा, कापसाची पहिली वेचणी, अजून व्हायचा होता. वेचा सुरू करण्याआधी आमच्याकडं सीतादही करतात. घरच्या सुना-बाळी वावरात जातात, फुटलेल्या पऱ्हाटीला हळदकुंकू लावतात, बुडाशी दहीभात ठेवतात, दही शिंपडतात, वावर दह्यासारखं पांढरं होऊ दे म्हणतात. मोठ्या घरच्या सीतादहीला मी सव्वीस वर्षं दहीभाताचं भांडं घेऊन जात होते. त्या वर्षीही गेले. पूजा झाली. थंड भाताचा आंबूस वास, ओल्या मातीचा वास, बायांच्या बांगड्या. दादाराव फाटकाशी उभे होते, किल्ली कमरेला. मी भांडं खाली ठेवलं आणि त्यांच्याकडं चालत गेले. पदर डोक्यावरून घसरला. मी तो पुन्हा घेतला नाही.

हाक काय मारायची ते मी वाटेत ठरवलं होतं. गाव त्यांना जे म्हणतं तेच. "दादारावभाऊ," मी म्हटलं, "तो कागद मी चुकीचा लिहिला. ही वाट विचारून जायची नाई. ही तिची वाट हाये, तुमच्या बापाच्या वेळपासून. तुमालेबी मालूम हाये." आणि तो कागद त्यांच्यासमोर फाडला. चार तुकडे झाले.

मागं बायांच्या बांगड्या थांबल्या. दादारावांनी माझ्याकडं पाहिलं, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा. "तू कोनाच्या घरची हायेस?"

"याच घरची हाये," मी म्हटलं. "म्हून त सांगून राह्यली."

त्यांनी कुलूप काढलं नाही. ते विहिरीकडं निघून गेले आणि बायांनी दहीभात गुपचूप वाटून घेतला. माझ्या हातावर कोणी ठेवला नाही. एखादी गोष्ट धीटपणे बोलून टाकली की समोरचा विरघळतो, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बहुतेक वेळा तो विहिरीकडं निघून जातो.

पंचफुलाबाईनं तहसीलला अर्ज दिला. मी साक्षीदार म्हणून गेले. मध्यस्थानं साक्ष देऊ नये, हा नियम मला पाठ होता. जबाब लिहून घेणाऱ्यानं माझं आडनाव ऐकलं, दादारावांच्या नावाकडं पाहिलं आणि विचारलं, तुम्ही कोणाकडून? मी म्हटलं, वाटेकडून. त्यानं पेन थांबवलं, मग अर्जदाराच्या बाजूला माझं नाव घातलं. त्या संध्याकाळपर्यंत गावात ते घरोघर पोचलं होतं.

तोवर तिचे दोन वेचे नाल्यातूनच आले. तिसऱ्या वेच्याच्या वेळी तहसीलचे साहेब वावरात पाहणीला आले. अर्धं गाव जमलं. चाकोऱ्या गवताखाली स्पष्ट दिसत होत्या, पण साहेबांनी दादारावांनाच विचारलं, इथं वाट होती का? ते नाही म्हणू शकले असते, आणि त्यांच्याकडून नाही म्हणणारे पाच-सहा जण तिथं उभेही होते. दादारावांनी त्या चाकोऱ्यांकडं बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "होती. माया बापाच्या वेळपासून होती." मग पुढं म्हणाले, "पन विचारून जात होते."

साहेबांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसरं लिहिलं नाही. तार वाटेवरून निघाली.

दादाराव खोटं बोलले नाहीत, हे मी कोणालाही सांगायला तयार आहे. त्यांनीही माझ्याविषयी वाईट बोलल्याचं कानावर आलं नाही. पण त्या दिवसापासून मोठ्या घराचं बोलावणं बंद झालं. सहा सीतादह्या माझ्याविना झाल्या. पुतणीच्या लग्नात आम्हाला पत्रिका आली, हळदीला बोलवायला कोणी आलं नाही. आमच्या घरच्यांनी दोन वर्षं बैल भाड्यानं आणले आणि एका शब्दानं मला टोमणा मारला नाही. त्यांचं ते न बोलणं मला जड गेलं, हे कबूल करते. कधी कधी दह्याचा वास आला की त्या वावरातल्या सकाळी आठवतात आणि जावंसं वाटतं. तसं वाटलं, तरी केलेलं मागं घ्यावंसं मात्र कधीच वाटलं नाही.

त्याच प्रशिक्षणात आता दर वर्षी एक दिवस मी शिकवते. आज वर्गात तीस जण होते. मी त्यांना हेच भांडण सांगितलं, आधी नावं न सांगता, आणि म्हटलं, करा समेट, लिहा कागद. अर्धा तास दिला. मी खिडकीशी उभी राहून बाहेर बघत होते. तीसमधल्या चोवीस जणांनी तेच वाक्य लिहिलं: विचारून जावं. दर वर्षी हेच होतं. मग मी पाकिटातून माझा जोडलेला कागद काढून फळ्यावर लावते आणि ज्यांनी ते लिहिलं त्यांना विचारते की तुम्ही स्वतः कोणाकोणाला विचारून इथं आलात. पुरुष आधी हसतात. बाया हसत नाहीत. एक हिरव्या साडीतली बाई खाली बघत बोटं मोजायला लागली, आणि दुसऱ्या हाताची बोटं लागली तेव्हा थांबली. तिनं आपला कागद स्वतःच खोडला. मला एवढं पुरतं. भांडण मिटवायला कोणीही शिकवेल. मला त्यांना आधी विचारायला शिकवायचं आहे की मिटतंय ते भांडण आहे की माणूस.

एसटीनं फाट्यावर उतरले तेव्हा उन्हं कलली होती. घरी फोन करून पोचल्याचं सांगायची सवय आहे. फोन हातात घेतला आणि परत पर्समध्ये टाकला. घराचा रस्ता सरळ जातो. मी डावीकडं वळले, धुऱ्यावरच्या वाटेला. पंचफुलाबाईची बंडी नुकतीच गेली असावी, चाकोरीत कापसाचे दोन-चार पुंजके पडले होते. दोन्ही बाजूंना दादारावांची पऱ्हाटी, तार आता वाट सोडून आत घेतलेली. त्या वाटेनं मी इतक्या वर्षांत एकदाही गेले नव्हते. माझं तिकडं काही काम नव्हतं. आजही नव्हतं.

दादाराव तारेच्या पलीकडं उभे होते, हातात तीच डबी. थकलेत. मी जवळ आले तसे ते वळतील असं वाटलं, पण वळले नाहीत. सहा वर्षांनी त्यांचा आवाज ऐकला.

"कुठी चालली?"

आमच्याकडं हे कोणीही कोणालाही विचारतं, रस्त्यात दिसलं की. त्यात नुसती विचारपूसही असते आणि हिशेब मागणंही. त्यांनी यातलं काय मागितलं ते मला कळलं नाही, आणि मी ते शोधत थांबले नाही. पदर खांद्यावर होता, तिथंच राहिला.

"जाऊन राह्यली, भाऊ," मी म्हटलं, आणि गेले.